दोन कॉइल, सहा मिलिसेकंद

गेल्या महिन्यात पीएचडीला अर्ज करणाऱ्या एका विद्यार्थिनीने मला विचारलं, "मेंदूचा कुठला भाग कुठल्या भागाला जोडलेला आहे हे एमआरआयमध्ये दिसतंच की. मग तुम्ही लोकांच्या डोक्यावर चुंबक धरून वेगळं काय शोधता?" प्रश्न अगदी रास्त आहे. खरं सांगायचं तर पहिल्या वर्षी मलाही त्याचं धड उत्तर देता आलं नसतं. तेव्हा हा लेख तिच्यासाठी, आणि याच वाटेवर येऊ पाहणाऱ्या तुमच्यासाठी.

नकाशावर दोन गावांना जोडणारा रस्ता दिसतो. त्या रस्त्यावरून या घडीला गाडी धावतेय का, कुठल्या दिशेनं, आणि ती माल घेऊन चाललीय की 'पाठवू नका' असा निरोप घेऊन, हे नकाशा सांगत नाही. एमआरआयचं तसंच आहे. डिफ्यूजन इमेजिंगमध्ये तंतूंचे जुडगे दिसतात. फंक्शनल एमआरआयमध्ये दोन भाग एकाच वेळी जागे झालेले दिसतात. पण त्यातला कोण कुणाला सांगतोय, 'चल' म्हणतोय की 'थांब', हे त्यातून थेट कळत नाही. शिवाय फंक्शनल एमआरआय रक्तप्रवाहावर चालतो, आणि रक्ताला प्रतिसाद द्यायला काही सेकंद लागतात. हालचाल घडवणाऱ्या भागांमधली निरोपानिरोपी तोवर कधीच आटोपलेली असते. ती दहा-वीस मिलिसेकंदांची गोष्ट आहे. इतक्या लहान वेळेत जिवंत, शुद्धीवर असलेल्या माणसाच्या मेंदूत डोकवायचं कसं, याचा हा इतिहास.

सुरुवात कुत्र्यांपासून होते. १८७० साली बर्लिनमध्ये गुस्टाव्ह फ्रिट्श आणि एडुआर्ड हिट्झिग या दोघांनी कुत्र्याच्या उघड्या मेंदूला विजेचा सौम्य प्रवाह दिला आणि विरुद्ध बाजूचा पाय हलला. प्रयोग हिट्झिगच्या घरातच झाले असं सांगतात, कारण विद्यापीठात त्यासाठी जागा नव्हती. (जागेची ही तक्रार प्रत्येक पिढीतल्या संशोधकाची आहे, हे वाचून मला जरा बरं वाटलं होतं.) मेंदूचा पृष्ठभाग विजेला प्रतिसादच देत नाही, असं तोवर बहुतेकांना वाटायचं. पुढे इंग्लंडमध्ये डेव्हिड फेरियरने माकडांवर तसेच प्रयोग करून हालचालीचा नकाशा अधिक बारकाईने काढला.

मग माणूस. १८७४ साली अमेरिकेतल्या सिनसिनाटीमध्ये रॉबर्ट बार्थोलो या डॉक्टरने मेरी रॅफर्टी नावाच्या रुग्णाच्या मेंदूत सुया घालून प्रवाह सोडला. कर्करोगाने तिची कवटी खाल्ली गेली होती आणि मेंदू उघडा पडला होता. हातपाय हलले. प्रवाह वाढवल्यावर तिला झटके आले. काही दिवसांत ती गेली. त्या काळातही यावर टीकेची झोड उठली आणि बार्थोलोला जाहीर खुलासा करावा लागला. पाठ्यपुस्तकांत 'माणसाच्या मेंदूचं पहिलं विद्युत उद्दीपन' म्हणून एक ओळ येते, ती या बाईची आहे. एथिक्स कमिटीचा फॉर्म भरताना कंटाळा आला की मला ती आठवते.

विसाव्या शतकात मॉन्ट्रियलला वाइल्डर पेनफिल्डने शस्त्रक्रियेच्या वेळी, रुग्ण जागा असताना, मेंदूला स्पर्श करून हालचालींचा नकाशा तयार केला. १९३७ साली बोल्ड्रेबरोबर छापलेल्या निबंधातला तो मोठ्या हातांचा नि जाड ओठांचा बुटका माणूस तुम्ही बारावीपासून पाहत आला असाल. पण कवटी उघडलेली असणं ही अट तिथेही होतीच. निरोगी माणसाचं काय?

१९८० साली लंडनमध्ये पॅट्रिक मर्टन आणि बर्ट मॉर्टन यांनी ही अट काढून टाकली. डोक्यावर इलेक्ट्रोड लावायचे आणि हजार-दोन हजार व्होल्टचा अगदी क्षणभराचा एकच धक्का द्यायचा. कवटी विजेला दाद देत नाही, म्हणून एवढा मोठा आकडा. त्यातला थोडासाच प्रवाह आत पोचतो, पण तेवढा पुरतो. हात उडाला. मात्र उरलेला सगळा प्रवाह डोक्याच्या कातडीतून आणि स्नायूंतून जातो, आणि ते चांगलंच दुखतं. या पद्धतीने एकदोन धक्के देता येतात. प्रयोग म्हणून शंभर धक्के घ्यायला कोण तयार होईल?

इथे शेफिल्डचा अँथनी बार्कर येतो. तो मेडिकल फिजिक्समधला माणूस. हाताच्या नसा चुंबकीय क्षेत्राने उद्दीपित करता येतील का, यावर त्याचा गट आधीच काम करत होता. कल्पना फॅरेडेची, १८३१ ची : चुंबकीय क्षेत्र बदललं की शेजारच्या वाहकात वीज निर्माण होते. चुंबकीय क्षेत्राला कवटीची अडचणच नसते, ते हाडातून आरपार जातं. म्हणजे वीज आत ढकलायची गरजच नाही, ती आतल्या आत तयार करता येते. डोक्याभोवती मोठी कॉइल लावली की डोळ्यांपुढे प्रकाशाचे ठिपके दिसतात, हे १८९६ मध्ये फ्रान्सच्या दार्सोन्व्हालने आणि १९१० मध्ये लंडनच्या सिल्व्हानस थॉम्पसनने नोंदवलं होतं. पण ते बहुधा डोळ्यातल्या पडद्याचं उद्दीपन असावं. मेंदूपर्यंत पोचायचं तर काही हजार अँपिअरचा प्रवाह कॉइलमधून साधारण १०० मायक्रोसेकंदांत चढवावा लागतो, आणि तसा प्रवाह सोडणारी यंत्रणा बनायला १९८० चं दशक उजाडावं लागलं. १९८५ मध्ये बार्कर, रेझा जलिनूस आणि इयन फ्रीस्टन यांचा जेमतेम दोन पानांचा निबंध 'लॅन्सेट'मध्ये आला. डोक्यावर कॉइल, एक खट्ट आवाज, आणि विरुद्ध हाताची बोटं हलली. दुखलं नाही. ट्रान्सक्रेनियल मॅग्नेटिक स्टिम्युलेशन, म्हणजेच टीएमएस, इथून सुरू झालं.

तुम्ही अजून कधी सब्जेक्ट म्हणून बसला नसाल तर संधी मिळताच बसा. कॉइलचं क्षेत्र दीड-दोन टेस्ला असतं, म्हणजे दवाखान्यातल्या एमआरआय यंत्राएवढं, पण फक्त क्षणभर. कानात बोळे घालावे लागतात. आणि मग तुमचा अंगठा तुमच्या परवानगीशिवाय उडतो. पहिल्यांदा मी दचकून हसलो होतो. ते हसू जवळजवळ प्रत्येकाला येतं.

आता या लेखातला सगळ्यात महत्त्वाचा तांत्रिक भाग, तेव्हा जरा दमानं वाचा. हाताच्या स्नायूवर दोन इलेक्ट्रोड चिकटवले की प्रत्येक पल्सनंतर साधारण वीस-बावीस मिलिसेकंदांनी एक लाट दिसते. तिला मोटर इव्होक्ड पोटेन्शियल, एमईपी म्हणतात. लाट किती उंच, हे प्राथमिक मोटर कॉर्टेक्स, म्हणजे एम-१, त्या क्षणी किती तयारीत आहे त्यावर ठरतं. (मज्जारज्जूवरही ठरतं, त्याकडे येऊच.) माणसाने मूठ नुसती हलकेच आवळली तरी लाट मोठी होते. म्हणजे एम-१ ला एक मीटर जोडलेलं आहे आणि त्याचा काटा हाताच्या स्नायूवर आहे. मेंदूच्या बाकी बहुतेक भागांना असा काटा नाही. प्रीमोटर कॉर्टेक्सला पल्स द्या, बाहेर काहीच दिसत नाही.

पण प्रीमोटर जर एम-१ ला काही सांगत असेल, तर त्याचं बोलणं एम-१ च्या काट्यावर उमटायला हवं. ही उसनवारीची कल्पना म्हणजे दोन कॉइलची पद्धत. एक कॉइल एम-१ वर ठेवायची आणि ताकद अशी लावायची की एमईपी साधारण एक मिलिव्होल्टचा येईल. ही टेस्ट पल्स. दुसरी कॉइल ज्या भागाची चौकशी करायची त्याच्यावर, आणि तिची पल्स काही मिलिसेकंद आधी. ही कंडिशनिंग पल्स. मग बघायचं, की एकट्या टेस्ट पल्सच्या तुलनेत एमईपी लहान झाला, मोठा झाला की तसाच राहिला. मधलं अंतर बदलत गेलात की निरोप पोचायला किती वेळ लागतो तेही कळतं.

ऐकायला सोपं वाटतं. प्रत्यक्षात एकाच ताकदीच्या पाठोपाठच्या दोन पल्सचे एमईपी दुप्पट-तिप्पट फरकाने येतात. म्हणून नुसत्या टेस्ट पल्स आणि जोडपल्स यांची सरमिसळ करून, क्रम अनियमित ठेवून, सरासरी काढतात. ज्या पेपरात एका अंतरासाठी पाच-सहाच एमईपी घेतले असतील, तिथे जरा सावध व्हा.

१९९२ साली 'जर्नल ऑफ फिजिऑलॉजी'मध्ये अँड्रियास फर्बर्ट आणि सहकाऱ्यांचा निबंध आला. लंडनच्या क्वीन स्क्वेअरचा गट. जॉन रॉथवेल आणि डेव्हिड मार्सडेन हे त्यातले जाणते. प्रश्न असा : डावा एम-१ आणि उजवा एम-१ एकमेकांना काय सांगतात? एक कॉइल डाव्या बाजूला, एक उजव्या. एका बाजूला आधी पल्स दिली आणि साधारण पाच-सहा मिलिसेकंदांनी किंवा त्यानंतर दुसऱ्या बाजूला दिली, तर दुसऱ्या बाजूचा एमईपी स्पष्टपणे लहान झाला. हा दाब पुढे तीसएक मिलिसेकंदांपर्यंत टिकला. म्हणजे एक अर्धगोल दुसऱ्याला 'थांब' सांगतो, आणि निरोप पलीकडे पोचून काम करायला एवढाच वेळ लागतो. याला इंटरहेमिस्फेरिक इनहिबिशन म्हणतात. आपण सोयीसाठी 'परस्पर दाब' म्हणू.

या निबंधाचा निष्कर्ष सगळे सांगतात. मला त्यातला आवडणारा भाग वेगळा आहे. कंडिशनिंग पल्समुळे एक हात उडतो. तेव्हा शंका घेणारा म्हणणार, की कशावरून हा दाब कॉर्टेक्समध्ये घडला? मज्जारज्जूतही दोन बाजू एकमेकांना जोडलेल्या असतातच. एमईपी हा शेवटी कॉर्टेक्स आणि मज्जारज्जू या दोघांचा मिळून हिशोब, मग कुणाचा आकडा कमी झाला हे कसं ओळखायचं? त्यांनी दोन वाटांनी तपास केला. पहिली, एच-रिफ्लेक्स. हातातल्या नसेला छोटा विजेचा धक्का दिला की मज्जारज्जूतून वळसा घेऊन एक प्रतिक्रिया येते, आणि मज्जारज्जूची तयारी मोजायची ती जुनी फूटपट्टी आहे. कंडिशनिंग पल्सनंतर ती कमी झाली नाही. दुसरी वाट मर्टन-मॉर्टनची. कातडीवरून दिलेला सौम्य विद्युत धक्का कॉर्टेक्सच्या आतल्या जोडण्यांना वळसा घालून मज्जारज्जूकडे जाणाऱ्या तंतूंनाच थेट चेतवतो. चुंबकीय पल्स मात्र मुख्यतः कॉर्टेक्समधल्या मधल्या पेशींमार्फत काम करते. टेस्ट म्हणून विद्युत धक्का वापरला तेव्हा दाब दिसला नाही. दाब मज्जारज्जूत असता तर टेस्ट कुठलीही असो, तो दिसायला हवा होता. तेव्हा जागा कॉर्टेक्स. दुखणारी जुनी पद्धत अशी नव्या पद्धतीची साक्षीदार झाली.

साक्षी पुढेही मिळत गेल्या. कॉर्पस कॅलोसम, म्हणजे दोन अर्धगोलांना जोडणारा तंतूंचा जाड पट्टा, ज्यांच्यात जन्मतः नाही किंवा खराब झालाय अशा रुग्णांमध्ये मायर आणि सहकाऱ्यांना १९९५ मध्ये असे परिणाम हरवलेले किंवा क्षीण झालेले आढळले. रोमच्या विन्चेन्झो दि लाझारोने तर कमालच केली. वेदना कमी करण्यासाठी ज्यांच्या मानेत, मज्जारज्जूच्या आवरणावर, इलेक्ट्रोड बसवलेले होते, अशा रुग्णांची संमती घेऊन त्याने कॉर्टेक्समधून खाली उतरणाऱ्या लाटा तिथेच, वाटेत, नोंदवल्या. १९९९ मध्ये त्याने दाखवलं की दुसऱ्या बाजूच्या पल्समुळे या लाटांमधल्या उशिरा येणाऱ्या लाटा बारीक होतात. स्नायूपर्यंत जायची गरजच उरली नाही.

एक बारकावा इथेच सांगतो, कारण मुलाखतीत हमखास विचारतात. कॉर्पस कॅलोसममधून जाणारे तंतू मुख्यतः उत्तेजक असतात. तेव्हा 'थांब' हा शब्द पलीकडे जात नाही. पलीकडे जातो तो 'ऊठ' असा निरोप, पण तो तिथल्या दाब देणाऱ्या छोट्या पेशींना मिळतो, आणि त्या आपल्या शेजाऱ्यांना गप्प करतात.

फर्बर्टच्या पुढच्याच वर्षी, १९९३ मध्ये, त्याच वर्तुळातून कुजिराई यांचा निबंध आला. एकाच कॉइलमधून दोन पल्स, पहिली इतकी हलकी की तिच्याने स्नायू हलत नाही. मधलं अंतर एक ते सहा मिलिसेकंद असेल तर एमईपी दबतो, दहा-पंधरा असेल तर वाढतो. हा एम-१ च्या घरातल्या घरातला व्यवहार. आज तुम्ही क्लिनिकल टीएमएसचा कुठलाही पेपर उघडा, हे मोजमाप असतंच. त्यावर स्वतंत्र लेख लिहावा लागेल, म्हणून इथे थांबतो.

जपानमध्ये योशिकाझू उगावा लहान मेंदूच्या, म्हणजे सेरेबेलमच्या मागे लागले होते. १९९५ मध्ये त्यांनी दाखवलं की डोक्याच्या मागच्या बाजूला पल्स दिली आणि पाच ते सात मिलिसेकंदांनी एम-१ ला दिली, तर एमईपी कमी होतो. याचं स्पष्टीकरण छान आहे. सेरेबेलमच्या पुर्किन्ये पेशी खालच्या केंद्रकाला दाबून ठेवतात, ते केंद्रक थॅलॅमसमार्फत एम-१ ला सतत थोडं थोडं चेतवत असतं. पुर्किन्ये पेशींना जागं केलं की ते केंद्रक गप्प होतं आणि एम-१ चा खुराक थांबतो. पण ही पल्स मानेच्या स्नायूंना जोरात ओढते, आणि परिणाम खरंच सेरेबेलमचा की मानेतून गेलेल्या संवेदनांचा, हा वाद निघालाच. सेरेबेलम किंवा तिथून निघणारी वाट खराब झालेल्या रुग्णांमध्ये दाब कमी आढळला, हा उगावांच्या बाजूचा पुरावा. सब्जेक्ट म्हणून विचाराल तर ही सगळ्यात नकोशी पल्स आहे.

प्रीमोटरची कथा जास्त अवघड, कारण जागाच पुरत नाही. डावा एम-१ आणि उजवा एम-१ एकमेकांपासून लांब आहेत. पण एकाच बाजूचा प्रीमोटर एम-१ च्या पुढे काही सेंटीमीटरवरच असतो, आणि कॉइल तळहाताएवढ्या. जपानच्या उएनो यांनी १९८८ मध्ये आठ आकड्याच्या आकाराची कॉइल दाखवली, त्यामुळे पल्स नेमक्या जागी पडू लागली. लहान कॉइल आल्या. तरीही दोन कॉइल एकमेकींवर चढतात, हात अवघडतो, आणि कंडिशनिंग पल्स एम-१ वर सांडली तर सगळाच प्रयोग फुकट जातो. २००१ मध्ये सिवार्दी आणि सहकाऱ्यांनी फार हलकी कंडिशनिंग पल्स वापरून एम-१ च्या तीन ते पाच सेंटीमीटर पुढून दाब मिळवला, सहा मिलिसेकंदांच्या अंतराने. आणि पल्सची ताकद वाढवली की तोच परिणाम उलटून वाढीत बदलला. एवढं एक वाक्य लक्षात ठेवा, कारण 'प्रीमोटर एम-१ ला दाबतो' असं कुणी सरसकट म्हणालं तर पुढचा प्रश्न 'किती ताकदीच्या पल्सने?' हाच असायला हवा.

इथवरचं सगळं काम स्वस्थ बसलेल्या माणसावरचं. पण हात काही बसून राहण्यासाठी नसतो. २००८ मध्ये मार्को दावारे, रॉजर लेमन आणि एटिएन ओलिव्हिए यांनी खालच्या बाजूच्या, म्हणजे व्हेंट्रल प्रीमोटरची चौकशी पकड चालू असताना केली. हात स्वस्थ असताना हा भाग एम-१ ला दाबत होता. मुठीची पकड घेतली की दाब नाहीसा झाला. अंगठा आणि तर्जनीची चिमूट केली की दाबाच्या जागी चक्क वाढ दिसली. जोडणी तीच, तंतू तेच, पण तुम्ही पेला धरताय की सुई उचलताय त्यावर निरोप बदलतो. त्याआधी २००६ मध्ये जाकोमो कोख आणि मंडळींनी, आवाज ऐकून डावा हात वापरायचा की उजवा हे ठरवणाऱ्या माणसांमध्ये, वरच्या बाजूच्या प्रीमोटरचा पलीकडच्या एम-१ वरचा प्रभाव आवाजानंतर जेमतेम १०० मिलिसेकंदांच्या आत बदलताना पकडला होता. एमआरआयमध्ये काय दिसत नाही, या त्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाला माझं उत्तर हे आहे.

(पद्धतीतली एक मेख : हात काम करत असताना एमईपी आपसूक मोठा होतो. मग टेस्ट पल्सची ताकद कमी करून तो पुन्हा मूळ उंचीवर आणावा लागतो, नाहीतर स्वस्थ आणि कार्यरत स्थितीची तुलनाच करता येत नाही. पेपर वाचताना हे केलंय का, तेवढं आधी शोधा.)

आता ज्यासाठी मी हा लेख लिहायला घेतला, तिकडे वळतो. २००४ साली अमेरिकेत लिओनार्दो कोहेन यांच्या गटातून मुरासे आणि सहकाऱ्यांनी फर्बर्टची पद्धत पक्षाघाताच्या रुग्णांवर वापरली. निरोगी माणूस बोट हलवायच्या तयारीत असतो तेव्हा पलीकडच्या अर्धगोलाचा दाब आधी असतो, पण हालचाल जवळ येते तसा तो सैल होतो आणि शेवटी उलट साहाय्य होऊ लागतं. रुग्णांनी लुळा हात हलवायचा प्रयत्न केला तेव्हा चांगल्या अर्धगोलाचा दाब शेवटपर्यंत तसाच राहिला. ज्यांचा हात जास्त अधू, त्यांच्यात हे जास्त ठळक होतं.

चित्र मनात ठसणारं आहे. इजा झालेला अर्धगोल उठायला बघतोय आणि धडधाकट शेजारी त्याला दाबून बसलाय. तराजूच्या दोन पारड्यांसारखं. त्यातून उपायही लगेच सुचतो : शेजाऱ्याला जरा शांत करा. त्यासाठी हत्यार तयार होतं. १९९७ मध्ये रॉबर्ट चेन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं होतं की ०.९ हर्ट्झ इतक्या संथ गतीने १५ मिनिटं पल्स दिल्या की मोटर कॉर्टेक्सची उत्तेजनक्षमता काही काळ उतरते. मग काय, चांगल्या अर्धगोलावर १ हर्ट्झने पल्स द्या आणि मग व्यायाम घ्या. २००५ पासून छोटे छोटे अभ्यास येऊ लागले, आणि पुष्कळांमध्ये फायदा दिसला. मी एमएस्सीला असताना हे सगळं ठरल्यासारखंच शिकवलं जात होतं. सेमिनारमध्ये तराजूचं चित्र मीही दाखवलं आहे, आणि बक्षीसही घेतलं आहे.

तुमच्या घरात कुणाला पक्षाघात झाला असेल तर या प्रश्नाचं वजन मी सांगायला नको. हात परत येणार का, एवढंच घरचे विचारत असतात.

२०१८ मध्ये मोठ्या चाचणीचे निकाल आले. नाव नीश. अमेरिकेतल्या अनेक केंद्रांवर मिळून १९९ रुग्ण, पक्षाघाताला तीन ते बारा महिने झालेले. निम्म्याहून अधिकांना चांगल्या अर्धगोलावर १ हर्ट्झच्या खऱ्या पल्स, बाकीच्यांना खोट्या, आणि सगळ्यांना सारखाच हाताचा व्यायाम. दोन्ही गटांतले सुमारे दोन तृतीयांश रुग्ण ठरवलेल्या प्रमाणात सुधारले. गटांमध्ये फरक नाही. म्हणजे लोक बरे होत होते, पण पल्समुळे होत होते असं दिसलं नाही.

मग तराजूचं काय? एक शंका आधीच निघाली होती. २०१४ मध्ये दि पिनो आणि सहकाऱ्यांनी मांडलं होतं, की ज्यांची इजा मोठी आहे त्यांच्यात चांगला अर्धगोल उलट मदत करत असू शकतो. अशा माणसात त्याला शांत करणं म्हणजे आधारच काढून घेणं. खरा धक्का २०१९ मध्ये आला. शू आणि सहकाऱ्यांनी एक साधी गोष्ट केली जी आधी झाली नव्हती. त्यांनी तीच मोजणी पक्षाघातानंतरच्या पहिल्या आठवड्यांपासून सुरू केली आणि त्याच रुग्णांवर पुढे वर्षभर पुन्हा पुन्हा घेतली. हालचालीआधीचा दाब विकृत असल्यामुळे हात लुळा राहत असेल, तर तो अगदी सुरुवातीला, हात सर्वांत अधू असताना, सर्वांत जास्त विकृत दिसायला हवा. तसं नव्हतं. सुरुवातीच्या काळात दाब सैल होण्याची रीत निरोग्यांसारखीच होती. ती बिघडली नंतर, महिने उलटल्यावर, जेव्हा हात सुधारत होता.

मुरासेंची मोजणी चुकीची नव्हती. जुन्या, स्थिरावलेल्या रुग्णांत त्यांना जे दिसलं ते शू यांनाही जुन्या अवस्थेत दिसलं. फक्त २००४ मध्ये सगळे रुग्ण बरेच महिने उलटून गेलेले होते आणि प्रत्येकाची एकदाच भेट झाली होती. एकाच भेटीत कारण कुठलं आणि परिणाम कुठला हे वेगळं करता येत नाही. बदललेला दाब कदाचित बरं होण्याच्या वाटेवरच तयार झालेला असेल, किंवा हात वेगळ्या तऱ्हेने वापरण्याचा तो परिणाम असेल. यावर काम चालू आहे आणि अजून एकमत नाही.

दरम्यान दोन कॉइलची पद्धत आणखी एका दिशेने गेली आहे. जोडपल्स एकदाच देऊन मोजण्याऐवजी त्या ठराविक अंतराने पुन्हा पुन्हा द्यायच्या आणि ती जोडणीच बळकट होते का बघायचं. ऑक्सफर्डमध्ये मॅथ्यू रशवर्थ यांच्या गटाने व्हेंट्रल प्रीमोटर आणि एम-१ वर हे केलं आहे. क्रम महत्त्वाचा ठरतो. आधी प्रीमोटर मग एम-१, असा असेल तर एक परिणाम, उलटा असेल तर दुसरा. त्याबद्दल पुढच्या लेखात.

तोवर तुम्हाला वाचायला सुरुवात करायची असेल तर फर्बर्टचा १९९२ चा निबंध आधी घ्या. इंग्रजी सरळ आहे, आकृत्या थोड्या आहेत. एच-रिफ्लेक्सचा भाग कंटाळवाणा वाटेल, पण तो उडवू नका. आणि मुरासे व शू हे दोन्ही एकाच बैठकीत वाचा, आधी दोन्हींचा 'पद्धती' विभाग, मग निकाल. काही अडलं तर खाली लिहा. एच-रिफ्लेक्सची आकृती मी पुन्हा काढून देईन.